बॅकअपचे स्वातंत्र्य

आज एखाद्या मध्यम आकाराच्या कार्यालयाची सर्व्हर रूम उघडली, तर आत दोन-तीन होस्ट दिसतात आणि सगळा कारभार त्यांच्यावर चाललेला असतो. हिशेबाचा सर्व्हर, फाइल सर्व्हर, डोमेन कंट्रोलर, हजेरीची यंत्रणा, डेटाबेस या सगळ्या व्हर्च्युअल मशीन, रोजच्या बोलण्यातल्या व्हीएम. गेल्या काही वर्षांत त्यांच्या रांगेत आणखी एक व्हीएम येऊन बसली आहे. बाकी सगळ्यांचे बॅकअप साठवणे हे तिचे काम. तिला व्हर्च्युअल बॅकअप अप्लायन्स म्हणतात. एक फाइल उतरवून घ्यायची, हायपरव्हायजरवर, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या थरावर, आयात करायची, डिस्क जोडायची, आयपी द्यायचा, की त्याच दिवशी बॅकअप सुरू. पूर्वी याच कामासाठी वेगळे यंत्र मागवावे लागे, रॅकमध्ये जागा करावी लागे आणि खरेदीची फाइल टेबलामागून टेबल फिरत राही.

सोय मोठी आहे आणि पेचही तिच्याच पोटात आहे. मूळ यंत्रणा बुडाली तेव्हा बॅकअप वेगळा, कोरडा उभा राहिला का, यावरच त्याची किंमत ठरते. व्हर्च्युअल अप्लायन्स मात्र बहुतेक वेळा त्याच होस्टवर, त्याच स्टोरेजवर आणि त्याच अ‍ॅडमिन पासवर्डाखाली सुरू होतो. बसवल्याच्या पहिल्या दिवशी तो ज्यांचे रक्षण करायचे त्यांच्यावरच सर्वस्वी अवलंबून असतो. हे अवलंबित्व एकेक करून ओळखणे आणि तोडता येईल तेवढे तोडणे, याला मी या विषयातले खरे कॉन्फिगरेशन मानतो. पडद्यावरचे रकाने भरणे त्यानंतर येते. प्रस्तुत पुस्तक याच दृष्टीने लिहिलेले आहे, म्हणून ही प्रस्तावना लिहिताना मला समाधान वाटते.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी.

एका संगणकात अनेक संगणक वसवण्याची कल्पना साठ वर्षे जुनी आहे. आयबीएमच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये १९६० च्या दशकाच्या मध्यावर सीपी-४० नावाची प्रणाली तयार होऊ लागली. तिच्यात प्रत्येक वापरकर्त्याला संपूर्ण संगणक आपल्या एकट्याच्या हाती असल्यासारखे काम करता येई. तिचा वंश सीपी-६७ मधून पुढे गेला आणि १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० जाहीर केली. दोन वर्षांनी जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी एका निबंधात नेमकी अट मांडली: यंत्राच्या स्थितीला हात घालणारी प्रत्येक आज्ञा पाहुण्या प्रणालीने दिली की ती हायपरव्हायजरच्या हाती पडली पाहिजे. आपल्या टेबलांवर आलेला एक्स८६ प्रोसेसर या अटीत बसत नव्हता. त्याची पॉपएफ ही आज्ञा अधिकार नसलेल्या प्रणालीने चालवली, तर तो इंटरप्ट बंद-चालू करण्याचा भाग मुकाट्याने वगळत असे. तक्रार नाही, की हायपरव्हायजरला खबर नाही. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने अशा आज्ञा चालण्याआधीच बदलून टाकण्याची युक्ती वापरली. २००१ मध्ये तिचा ईएसएक्स सर्व्हर आला. केंब्रिज विद्यापीठातल्या झेन प्रकल्पाने २००३ मध्ये पाहुण्या प्रणालीलाच थोडे बदलून घेतले. मग इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच सोय केली आणि मार्ग मोकळा झाला. २००७ मध्ये केव्हीएम लिनक्सच्या कर्नलमध्ये आले, २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही आले.

या इतिहासातली एक गोष्ट आपल्या विषयासाठी फार मोलाची आहे. हायपरव्हायजर खाली असतो आणि वरच्या व्हीएमची मेमरी, डिस्क, नेटवर्क, एवढेच काय तिचे घड्याळसुद्धा त्याच्या हातात असते. वरच्या व्हीएमने स्वतःला कितीही कुलपे लावली, तरी खालच्याला तिची डिस्क एका आज्ञेत पुसता येते. बॅकअप अप्लायन्स हीदेखील अशीच एक व्हीएम आहे, हे क्षणभरही विसरून चालत नाही.

बॅकअपची परंपरा दुसऱ्या वाटेने आली. आयबीएमचे ७२६ हे टेप यंत्र १९५२ चे. त्यानंतर जवळपास पन्नास वर्षे बॅकअप म्हणजे टेप हे समीकरण होते आणि ते अजून पुरते मोडलेले नाही. २००० मध्ये एका टेपवर १०० जीबी साठवणारे एलटीओ हे टेपचे तंत्र नवव्या पिढीत १८ टीबीपर्यंत पोहोचले. टेपवर शोध मंद, यंत्र महाग, हाताळणी किचकट. पण ती यंत्रातून काढली आणि कपाटात ठेवली की तिच्यापर्यंत कोणतीही आज्ञा पोहोचत नाही. हा गुण फुकट मिळत होता, म्हणून त्याची किंमत कोणी केली नाही. डिस्कवर बॅकअप घेऊ लागल्यावर तो गमावला. डिस्क पुढे आली ती वेगामुळे आणि त्याहून जास्त डिडुप्लिकेशनमुळे.

डिडुप्लिकेशन समजले की अर्धा विषय समजतो, म्हणून इथे थोडे थांबतो. रोज रात्री घेतलेल्या बॅकअपमधला बहुतांश मजकूर कालचाच असतो. तो पुन्हा कशाला साठवायचा? डेटाचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याची गणिती खूण काढायची आणि त्या खुणेचा तुकडा आधीच साठवलेला असेल, तर नवा न लिहिता फक्त नोंद करायची. बेल लॅब्समधल्या व्हेंटी या प्रणालीने २००२ मध्ये हे तत्त्व दाखवून दिले; तिथे तुकड्याचा पत्ता म्हणजे त्याची खूणच. त्याच्या आदल्या वर्षीच्या एलबीएफएस या संशोधनाने तुकडे मजकुराच्या अंगाने पाडण्याची पद्धत वापरली. त्यामुळे फाइलच्या सुरुवातीला चार अक्षरे घातली, तरी पुढचे सगळे तुकडे सरकून बिघडत नाहीत. व्यवहारात अडचण वेगळीच आली. खुणांची यादी एवढी वाढते की ती मेमरीत मावत नाही आणि प्रत्येक तुकड्यासाठी डिस्कवर शोध घ्यायचा, तर सगळा वेग संपतो. २००१ मध्ये स्थापन झालेल्या डेटा डोमेन या कंपनीच्या अभियंत्यांनी २००८ च्या निबंधात या शोधांपैकी ९९ टक्के कसे टाळता येतात ते सांगितले. पुढच्याच वर्षी नेटअ‍ॅपशी चढाओढ करून ईएमसीने ती कंपनी विकत घेतली. बॅकअपसाठीच बनवलेले स्वतंत्र यंत्र, म्हणजे बॅकअप अप्लायन्स, तोवर मोठ्या डेटा सेंटरांत रुळले होते.

डिडुप्लिकेशनने जागा वाचते, पण जोखीमही एकवटते. गेल्या तीस दिवसांचे तीस बॅकअप यादीत दिसतात. प्रत्यक्षात त्यांतला एखादा सामायिक तुकडा डिस्कवर एकदाच असतो. तो एक तुकडा सडला, तर तिसाच्या तीस बॅकअपना छिद्र पडते. साठवलेले तुकडे ठरावीक मुदतीने पुन्हा वाचून खुणा जुळवून पाहणे, म्हणजे व्हेरिफाय, हे काम म्हणूनच ऐच्छिक मानता येत नाही.

व्हर्च्युअल मशीन आणि बॅकअप हे दोन प्रवाह एकत्र आले ते २००६ नंतर. आधी प्रत्येक सर्व्हरमध्ये एजंट बसवून फाइली उचलल्या जात. व्हीएम आल्यावर हायपरव्हायजरकडूनच अख्ख्या डिस्कचा स्नॅपशॉट मागता येऊ लागला आणि २००९ च्या व्हीस्फिअर ४ पासून गेल्या वेळेनंतर कोणते ब्लॉक बदलले तेवढेच विचारता येऊ लागले. रात्रभर चालणारे काम मिनिटांवर आले. मग साठवणुकीचा भागही व्हर्च्युअल करायला कितीसा वेळ लागणार? एचपीने आपल्या स्टोअरवन्स या बॅकअप यंत्राची व्हर्च्युअल आवृत्ती काढली, डेटा डोमेनचीही आली. व्हिएन्नाच्या प्रॉक्समॉक्स कंपनीने नोव्हेंबर २०२० मध्ये बॅकअप सर्व्हरची पहिली स्थिर आवृत्ती खुल्या परवान्याखाली दिली.

आज या क्षेत्रात ढोबळमानाने तीन घराणी दिसतात. पहिले यंत्रवाल्यांचे: बॅकअप स्वतंत्र लोखंडावरच हवा, व्हीएममध्ये ठेवणे ही तडजोड. दुसरे कंपन्यांच्या तयार व्हर्च्युअल अप्लायन्सचे: आत काय आहे ते पाहू नका, आमची प्रणाली आणि आमचा प्रोटोकॉल वापरा, मुख्य कार्यालयातल्या मोठ्या यंत्राला शाखांमधले छोटे अप्लायन्स जोडा. तिसरे साध्या लिनक्सवर उभ्या असलेल्या सॉफ्टवेअरचे: हवे तिथे बसवा, साठा उघड फाइलींच्या रूपात आहे, बिघडले तर स्वतः दुरुस्त करा. प्रॉक्समॉक्स याच घराण्यातले. व्हीम या बॅकअप सॉफ्टवेअर कंपनीने २०२१ पासून आणलेले, फाइलींवर न-बदलण्याचे कुलूप लावणारे लिनक्स भांडारही इथेच मोडते. क्लाउडमधल्या ऑब्जेक्ट स्टोरेजला काही जण चौथे घराणे म्हणतात. माझ्या मते ते दुसरी प्रत ठेवण्याचे ठिकाण आहे.

माझा कल तिसऱ्या घराण्याकडे आहे आणि त्याला स्वस्ताईपेक्षा मोठे कारण आहे. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरचा साठा ही एक साधी डिरेक्टरी असते: तुकड्यांचे फोल्डर आणि कोणत्या बॅकअपमध्ये कोणते तुकडे ते सांगणाऱ्या अनुक्रम-फाइली. सर्व्हर जळाला, डिस्क वाचली, तर नव्या यंत्रावर प्रणाली बसवून तीच डिरेक्टरी पुन्हा जोडता येते. आपत्तीच्या दिवशी कंपनीच्या परवान्याची चावी आणि मदतकेंद्राचा तिकीट क्रमांक यांची वाट पाहावी लागत नाही. पुस्तकातली प्रात्यक्षिकेही मुख्यतः याच प्रणालीवर आहेत. लेखकांनी इतर घराण्यांवर अन्याय मात्र केलेला नाही.

आता प्रत्यक्ष जुळणीकडे येतो. तिच्यातले बारकावे दिसायला लहान असतात.

डिस्कचे उदाहरण घ्या. अप्लायन्सला डिस्क देताना ती थिन द्यायची की थिक, असा प्रश्न येतो. थिन डिस्क म्हणजे कागदावर ८ टीबी, प्रत्यक्षात लागेल तेवढीच जागा घेणारी. होस्टवर ८ टीबी मोकळे नसले तरी ती देता येते, म्हणून मोह होतो. बॅकअपची डिस्क मात्र स्वभावतःच भरत जाते. एके रात्री होस्टचे स्टोरेज तळाला लागते आणि त्या क्षणी त्याच स्टोरेजवरच्या बाकी व्हीएमही थांबतात किंवा त्यांच्या लिहिण्यात चुका येऊ लागतात. ज्याने संकटात वाचवायचे त्यानेच संकट आणले. घाबरून माणूस जुने बॅकअप पुसायला बसतो आणि जागा तसूभर मोकळी होत नाही. का? पुसले ते फक्त अनुक्रम. तुकडे तसेच आहेत. तुकडे जातात ते गार्बेज कलेक्शन चालल्यावर. तेसुद्धा मूळ व्यवस्थेत २४ तास ५ मिनिटांपर्यंत न वापरलेलेच तुकडे काढते. फाइल शेवटची वापरल्याची वेळ फाइल प्रणाली सहसा चोवीस तासांतून एकदाच नोंदवते, म्हणून ही मुदत ठेवलेली आहे. तेही झाले, अप्लायन्सच्या आत जागा मोकळी दिसली, तरी होस्टला ती परत मिळाली असे नाही. त्यासाठी डिस्कवर डिस्कार्ड चालू असावे लागते आणि ट्रिम चालवावे लागते. पुसणे, झाडणे आणि परत करणे या तीन वेगळ्या पायऱ्या तीन वेगळ्या थरांत घडतात. त्यांची गल्लत झाली की भरलेल्या डिस्कपुढे अनुभवी माणूसही हतबल होतो. पुस्तकातला या विषयावरचा भाग मी दोनदा वाचला. इतक्या स्वच्छपणे हे मराठीत मांडलेले माझ्या पाहण्यात नव्हते.

शक्य तिथे बॅकअपसाठी वेगळ्या डिस्क घेऊन त्या थेट अप्लायन्सच्या हवाली कराव्यात, हा लेखकांचा सल्ला मला पटतो. खाली एक फाइल प्रणाली, तिच्यावर डिस्कची फाइल आणि आत पुन्हा झेडएफएस असे मजले चढवले, की प्रत्येक लिहिण्याचा बोजा वाढतो आणि डिस्कची तब्येत आतून दिसेनाशी होते. मेमरीतही कंजुषी नको: प्रॉक्समॉक्सच्या शिफारशीप्रमाणे मूळ ४ जीबी आणि वर साठ्याच्या दर टीबीमागे किमान १ जीबी. फिरत्या डिस्क वापरायच्या, तर फाइल प्रणालीच्या मेटाडेटासाठी एसएसडीची जोडी द्यावी, नाहीतर गार्बेज कलेक्शन रेंगाळते.

डिस्कपेक्षा अवघड भाग ओळखीचा आणि वेळेचा. अप्लायन्सचे लॉगिन कार्यालयाच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीला जोडणे सोयीचे असते. पण डोमेन कंट्रोलर हीच बुडालेली व्हीएम असेल, तर तिला वर काढण्यासाठी ज्या दारातून जायचे त्याची किल्ली तिच्याच खिशात राहते. डीएनएसचेही तसेच. बॅकअप एन्क्रिप्ट केला आणि त्याची चावी फाइल सर्व्हरवर ठेवली, तर ती चावी आता एन्क्रिप्ट केलेल्या बॅकअपच्या आत आहे. आणि घड्याळ! अमुक दिवस पुसता येणार नाही अशी मुदत बॅकअपवर घालता येते. ती मुदत संपली की नाही हे ठरवते घड्याळ आणि व्हीएमचे घड्याळ होस्टच्या हातात. होस्टवर ताबा मिळवलेल्याने वेळ वर्षभर पुढे ढकलली, की कुलूप आपोआप उघडू शकते. वेळ स्वतंत्र ठिकाणाहून घेणे आणि तिच्यातली मोठी उडी संशयास्पद मानणे म्हणूनच गरजेचे ठरते. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी संस्थांना एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या घड्याळाशी यंत्रणा जुळवायला सांगितले आहे. सायबर घटना सहा तासांत कळवणे आणि १८० दिवसांचे लॉग राखणे हेही त्यांतच आहे. हे नियम अनेकांना कागदी वाटतात. बॅकअप सांभाळणाऱ्याला ते तसे वाटू नयेत.

अधिकारांची विभागणी हा माझ्या दृष्टीने पुस्तकाचा गाभा. हायपरव्हायजरला अप्लायन्समध्ये बॅकअप टाकण्याचा अधिकार द्यावा, पुसण्याचा नाही. प्रॉक्समॉक्समध्ये अशी भूमिका तयारच मिळते. दुसऱ्या ठिकाणचा बॅकअप सर्व्हर असेल, तर प्रत त्याने स्वतः येऊन ओढून न्यावी. पहिल्याने ती ढकलू नये. मग पहिल्यापाशी दुसऱ्याचा पासवर्डच राहत नाही आणि पहिला फोडणाऱ्याला दुसऱ्याचे दार सापडत नाही. थोडी नियमांची शिस्त आणि एक जास्तीचा सर्व्हर एवढ्यात टेपचा जुना गुण बऱ्याच अंशी परत मिळतो. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी मांडलेला ३-२-१ चा नियम, तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे, एक प्रत बाहेरगावी, आजही मोडीत निघालेला नाही. व्हर्च्युअल अप्लायन्स ही त्यातली पहिली, जवळची, झटपट हाती येणारी प्रत म्हणून उत्तम आहे. एकमेव प्रत म्हणून ती कुठेही स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे सगळे आजच का तातडीचे? २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या हा मालवेअर जगभर पसरला तेव्हा मेर्स्क या जहाज कंपनीबरोबर तिच्या समूहाचे न्हावा शेवाचे टर्मिनलही अडकले; जवाहरलाल नेहरू बंदरातल्या कंटेनरांचे काम खोळंबले. मेर्स्कचे डोमेन कंट्रोलर जगभर एकमेकांशी जुळवलेले होते, त्यामुळे एक गेला तर दुसरा आहे अशी समजूत होती. हल्ल्यात ते एकदमच गेले. वाचला तो घानामधला एक, वीज गेल्यामुळे त्या वेळी नेटवर्कच्या बाहेर असलेला. सतत जुळणाऱ्या प्रती म्हणजे बॅकअप नव्हे, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयआर्ग्स नावाच्या हल्ल्याने थेट हायपरव्हायजरलाच लक्ष्य केले आणि व्हीएमच्या डिस्क-फाइली खालूनच एन्क्रिप्ट केल्या; ज्या भेगेतून तो शिरला तिचा पॅच दोन वर्षांपूर्वी उपलब्ध झाला होता. आत बसलेल्या बॅकअप अप्लायन्सला अशा हल्ल्यात काही संरक्षण उरत नाही. आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये सायबर हल्ल्यामुळे दिल्लीच्या एम्समध्ये कित्येक दिवस कामकाज कागदावर आले. जुलै २०२४ च्या अखेरीस एका तंत्रसेवा पुरवठादारावरच्या हल्ल्यामुळे सुमारे ३०० लहान बँकांचे पेमेंट व्यवहार थांबवावे लागले. सहकारी आणि ग्रामीण बँकांचे जाळे असलेल्या आपल्या राज्यात ही बातमी दूरची म्हणून वाचण्यासारखी नव्हती.

हल्लेखोर नसला तरी आग असते. मार्च २०२१ मध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीची एक इमारत जळाली, तेव्हा काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात असल्याचे उघड झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या जी-ड्राइव्हमधला ८५८ टीबी डेटा नष्ट झाला. साठा फार मोठा म्हणून बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती. तंत्रात इतक्या पुढे गेलेल्या देशात हे घडले.

आणखी एक कारण बाजाराचे आहे. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतली आणि कायमस्वरूपी परवाने विकणे थांबवले. त्यानंतर अनेक संस्था हायपरव्हायजर बदलण्याच्या मार्गावर आहेत. अशा स्थलांतरात बॅकअप हाच एकमेव परतीचा रस्ता असतो, आणि बदलत असतो तोही. जुन्या हायपरव्हायजरचे बॅकअप नव्यावर सुरू होतील का, जुने किती काळ वाचता येण्याच्या स्थितीत ठेवायचे, हे प्रश्न जिल्ह्याच्या ठिकाणी एकट्याने सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसापुढे आज आहेत. त्याला विचारायला शेजारी कोणी नसते. पुस्तक मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

लेखकांनी काय साधायचा प्रयत्न केला आहे, हे थोडक्यात सांगतो. प्रत्येक टप्प्यावर आधी प्रश्न आणि मग सेटिंग असा त्यांचा क्रम आहे: हे कोणावर अवलंबून आहे, तो गेला तर काय उरते, ते उरलेले किती वेळात उभे राहते. तिसऱ्या प्रश्नाकडे सहसा दुर्लक्ष होते. १० टीबीचा बॅकअप १ गिगाबिटच्या जोडणीवरून परत आणायचा, तर पूर्ण वेग मिळाला तरी ८०,००० सेकंद, म्हणजे २२ तासांहून अधिक वेळ लागतो. हा आकडा व्यवस्थापनाला आधी सांगितलेला असावा. संकटाच्या दुपारी सांगून उपयोग नाही. आवृत्त्या बदलतात, पडद्यावरची बटणे जागा सोडतात, म्हणून चित्रांचा मारा टाळला आहे, हेही योग्य वाटले. कंटेनर आणि कुबेरनेटीसचा विषय बाजूला ठेवला आहे. त्याला स्वतंत्र पुस्तक लागेल.

एका मुद्द्यावर माझा लेखकांशी मतभेद आहे आणि तो नोंदवायला त्यांनी मोकळेपणाने सांगितले. लहान कार्यालयात एकच होस्ट असेल, तर अप्लायन्स त्यावरच बसवून बाहेर प्रत पाठवणे त्यांना चालते. माझ्या मते तेवढ्यासाठी एक जुना डेस्कटॉप जरी वेगळा काढता आला, तरी अप्लायन्स तिथे हलवावा. वेग कमी मिळेल, पण होस्ट बंद पडलेला असताना हातात काहीतरी चालू असेल.

रिस्टोअरच्या सरावावरचे प्रकरण कोणी गाळू नये. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली, तेव्हा बॅकअपच्या पाच व्यवस्थांपैकी एकही धड कामाला आली नाही. नेमाने घेतला जाणारा डेटाबेसचा बॅकअप आवृत्ती न जुळल्याने अयशस्वी होत होता आणि अपयशाच्या सूचना देणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. योगायोगाने सहा तास आधी काढलेला एक स्नॅपशॉट होता, त्यावर निभावले. कंपनीने हे सगळे जगापुढे उघड लिहिले, म्हणून आपल्याला शिकता येते. ‘बॅकअप यशस्वी’ असा हिरवा ठिपका दिसतो, तो लिहिणे पूर्ण झाल्याचा. त्यातून चालती व्हीएम उभी राहील याची हमी त्या ठिपक्यात नसते.

वाचकांना दोन कामे सुचवून थांबतो. प्रॉक्समॉक्सची एन्क्रिप्शनची चावी क्यूआर कोडसह कागदावर छापता येते. ती आजच छापा आणि सर्व्हर रूम असलेल्या इमारतीबाहेर, जबाबदार माणसाच्या ताब्यात, बंद पाकिटात ठेवा. आणि पुस्तक वाचायला घेण्याआधी आपल्याकडची एक व्हीएम सध्याच्या बॅकअपमधून रिस्टोअर करून पाहा. मूळ व्हीएमला हात लावू नका. वेगळ्या नावाने, नेटवर्क तोडून सुरू करा, आत लॉगिन करून कालची एखादी नोंद सापडते का ते पाहा आणि किती वेळ लागला ते तारखेसह लिहून ठेवा.